दोन कपांची चक्की

॥ श्री ॥
दुसरबीड
दि. १६ जानेवारी २००६

चि. सौ. संजीवनीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी, जावईबापूंची आणि लेकरांची खुशाली कळवत जा.

तुझं पार्सल संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोहोचलं. तीळगूळ इकडून जायचा, तर तिकडून कॉफीच आली. पण बाई, पूड पाठवायची सोडून तू अख्ख्या बिया काऊन पाठवल्या? पोस्टमन पिशवी हलवून विचारत होता, की रंगरावजी, हे काही नवीन वाण आहे काय, पेरायचं कधी. आपलं बी-बियाण्याचं दुकान, त्यामुळे त्याचा काही दोष नाही.

पहिल्या दिवशी बिया मिक्सरमधून काढल्या. दुसऱ्या दिवसापासून लाइटच नाही. सकाळी सहा ते दहा लोडशेडिंग, दुपारी दोन ते सहा पुन्हा तेच. मग तुझ्या वहिनीच्या खलबत्त्यात कुटून पाहिल्या. अर्ध्यांचं पीठ झालं, अर्ध्या हरभऱ्याच्या डाळीसारख्या राहिल्या आणि दोन-चार उडून कोठीमागे गेल्या. वहिनी म्हणते, आता लसणाच्या चटणीले औषधाचा वास येऊन राह्यला.

पण चव मले बसली. चहा मी सोडला आहे, पित्त होते. ही कॉफी बिनदुधाचीच करतो, पातळ कापडातून गाळून पितो. कडू लागते, पण माणूस कशालाही सरावतो. तुमच्या गावात हातानं फिरवायच्या चक्क्या मिळतात असं तूच एकदा बोलली होती. एखादी पाहून ठेव. लोखंडाची बरी की लाकडाची, ते मले समजत नाही. लहान पाहा एवढंच.

हरभरा साधारण आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. माया आहे तशी राहू दे.

तुझा
रंगरावदादा


चिकमगळूर
दि. ३० जानेवारी २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून इतकी हसले की मुलं धावत आली. अख्ख्या बिया पाठवल्या त्या चुकून नाही. पुडीचा वास आठ दिवसांत उडतो, बी तो महिनाभर धरून ठेवते. हे कॉफीच्या कारखान्यात कारकून झाल्यापासून मला एवढं तरी शहाणपण आलंय.

चक्कीसाठी परवा मुद्दाम बाजारात गेले. दुकानदार सत्तरीचा, शिस्तीचा. माझं मोडकं कानडी ऐकून आधी त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि मग तीन चक्क्या समोर मांडल्या. पहिलीच्या आत पातं होतं. ती तर त्याने स्वतःच बाजूला सारली. म्हणाला, पातं बी दळत नाही, तोडतं. म्हणजे तुझा खलबत्ताच, फक्त दांडा लावलेला. घ्यायची ती दात्यांची. एका दातेरी शंकूत दुसरा शंकू बसवलेला असतो, खालचा स्क्रू पिळला की दोघांतलं अंतर कमी-जास्त होतं आणि पूड जाड की बारीक ते आपल्या हातात राहतं. दाते चिनीमातीचे असले तर गंजत नाहीत, पण पडले की संपले. पोलादाचे लवकर दळतात, मात्र त्यांना पाणी लावायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडायचे. मधला दांडा हलवून बघायचा. तो डगमगला तर पूड एकसारखी पडत नाही. आणि एकसारखी का हवी? तर जे पीठ होतं ते कडूपणा सोडतं, जे जाड राहतं ते कच्चं आंबट पाणी देतं, आणि आपण समजतो की कॉफीच वाईट. तू सध्या तेच पितोयस.

उरल्या दोन. एक बिडाची, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची, पावशेर बिया एका वेळी घेते. दुसरी लाकडी पेटीची, खाली खण, गुडघ्यांत धरून फिरवायची, दोन कपांपुरती. मी म्हणते मोठीच घे. आपल्या दुकानात दिवसाला तीस कप चहा होतो, त्यातले चार एकटा शेजारचा सहदेवदादा पितो. त्याला कॉफी पाजशील तेव्हा त्याचं तोंड बघायला मला बोलाव. माझ्या पहिल्या बाळंतपणाला पेरणी सोडून तुला येता येईना, म्हणून तू त्याला मला न्यायला पाठवलंस, आठवतं? एक अक्षर कानडी येत नसताना तीन गाड्या बदलून तो माझ्या दारात उभा राहिला होता. स्टेशनवर कॉफी प्यायला आणि म्हणाला, इथले लोक सकाळी काढा पिऊन कामाले जातात, म्हणून हसत नाहीत.

बिनदुधाची का पितोस? कलाबाईचं दूध आहे ना? नवऱ्याला चार कप फुकट चहा मिळतो म्हणून ती आपल्या घरी माप भरून घालते, असं वहिनी म्हणायच्या. कोणती चक्की घेऊ ते लगेच कळव. तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,

संजीवनी


दुसरबीड
दि. १२ फेब्रुवारी २००६

चि. सौ. संजीवनीस आशीर्वाद. पत्र मिळालं. तू एवढी माहिती काढली, बरं वाटलं. दात्यांचीच घे. दाते पोलादी. दांडा लांब असू दे, सकाळी मनगट भरून येते. साफ करायले उघडते की नाही ते पाहून घे. आणि मोठी नको, पेटीचीच लहान घे. तीस कपांचं सोडून दे. गावच्या लोकांले कॉफी चालत नाही.

कलाबाईची म्हैस आटली आहे. सहदेव बरा असेल.

कापसाचे भाव पडलेले आहेत. वहिनीचे गुडघे दुखतात. फोन लागत नसला तर काळजी करू नको, लाइनच खराब आहे. जावईबापूंना नमस्कार. लेकरांले गोड पापा.

रंगरावदादा


चिकमगळूर
दि. २५ फेब्रुवारी २००६

सौ. सुभद्रावहिनींस संजीवनीचा सा. न. वि. वि. हे पत्र मी मुद्दाम तुमच्या नावाने, तुमच्या माहेरच्या पत्त्यावर पाठवतेय. महाशिवरात्रीला तुम्ही संग्रामपूरला जाऊन आठवडाभर राहता, तिथे ते तुमच्या हाती पडेल.

दादाने लहान चक्की मागितली. मी घ्यायला गेले, तर त्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं की घरात पिणारे किती? चक्की किमतीवर निवडायची नाही, पिणाऱ्यांवर निवडायची, असं म्हणाला. मी तोंड उघडलं आणि मला आकडा सांगता येईना. आपलं घर म्हणजे ओसरीवर सदा दहा चपला. त्या घरात दोन कपांची चक्की कशी पुरेल? तशीच परत आले आणि दादाचं पत्र पुन्हा वाचलं. 'सहदेव बरा असेल' असं त्यात लिहिलंय. ज्याच्या आणि आपल्या घरामध्ये एकच भिंत आहे, त्याच्याबद्दल 'असेल' असं कोण लिहितं?

दिवाळीला येऊ का विचारलं, तर रंगकाम चाललंय म्हणून तुम्हीच नको म्हणालात. फोनवर दादा दोन वाक्यं बोलून ठेवून देतो. वहिनी, मी या घरातली आहे ना? काय झालंय ते मला सांगा. तुमच्यावरचा माझा जीव तुम्हाला माहीत आहे, त्याला स्मरून तरी लिहा.

तुमची
संजू


दुसरबीड
दि. ४ एप्रिल २००६

चि. संजूले वहिनीचे आशीर्वाद. तुहं पत्र भेटून महिना झाला. दोनदा लिहिलं आनि फाडलं. आज हे बुलढान्याले गेले हायेत, म्हनून बसली.

रंगकाम नव्हतं बाई. दिवाळीले आपल्या घरी फराळाले कोनी आलं नाही, ते तुले दिसलं असतं, म्हनून मी नोको म्हनलं.

मांगच्या जूनमंधी यांनी दुकानातून जे बीटी कापसाचं बियानं इकलं, त्यातलं काही खोटं निघालं. झाड कमरेवर गेलं, पाहून लोक खुश. फवारनी करायची गरज नाही, या बियान्याले अळी लागतच नाही, असं यांनीच सांगतलं होतं, म्हनून कोनी पंप हातात घेतला नाही. दसऱ्याच्या सुमारास बोंडं फोडून पाह्यले तं आत अळ्या. चौदा घरांचा कापूस गेला. सहदेवभाऊचा समदाच गेला.

दिवाळीआंधी तालुक्याचे साहेब पंचनाम्याले आले. त्यांनी पावत्या मांगतल्या. चौदा जनांपाशी एक पावती नाही. आपल्या मानसापाशी कोन पावती मांगते? साहेबांनी यांले इचारलं, की हे लोक म्हनतात तुमच्याकडून नेलं. ह्यांनी पावतीबुक पुढे केलं आनि म्हनले, यात यांचं नाव नाही, मी देलं नाही. सहदेवभाऊ तिथीच समोर उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, घातली आनि घरी गेला. तक्रार तिथीच मिटली.

दुसऱ्या दिवशी कलाबाई दूध घेऊन आली नाही. म्हैस आटली नाही, रोज सकाळी माह्या दारावरून चरवी घेऊन पुढं जाते. मी दारात असली तं पदर सावरून जाते, भांडत नाही. भांडली असती तं बरं झालं असतं. दुकानात परगावचं गिऱ्हाईक येते, गावचं कोनी येत नाही. चहाची किटली मी धुऊन वर ठेवून देली. पित्ताचं तुले खोटं सांगतलं त्यांनी. चहाचा वास आला की हे दाराकडे पाहून राह्यतात, कोनी येते काय म्हनून. मंग कपच तसाच ठेवून देतात. कॉफीचं तसं नाही, ती या घरात कोनासोबत पेलेली नाही.

परवा पाडव्याले सहदेवभाऊनं सुलतानपूरले एका मोठ्या शेतकऱ्याकडं साल धरलं. स्वतःचं वावर लोकाले लावून देलं आनि वर्षभराचा सालगडी म्हनून गेला. पन्नाशीचा मानूस, बैल हाकायले. जाताना कलाबाई फाटकाशी उभी होती. हे आतल्या खोलीत बसून खलबत्त्यात कॉफी कुटून राह्यले होते. मी पाह्यलं, खलबत्त्यात एक बी नव्हती.

मी बोलली तं म्हनतात, आता बोलून कापूस येईन काय. तू लहान बहीन हाय, पन तुहं आयकतात. चक्की पाठवू नोको म्हनत नाही मी. पाठवायची तं पाठव. लोभ हायेच, तो तुह्या जवळ ठेव, इथं ठेवायले जागा नाही.

सुभद्रा


चिकमगळूर
दि. १४ एप्रिल २००६

ती. दादास न. वि. वि. वहिनींनी मला सगळं लिहिलं. त्यांच्यावर रागावलास तर माझं पुढचं पत्र तुला येणार नाही.

बियाणं खोटं निघालं, यात तुला कोणी फसवलं असेल असं मी धरून चालते. दुकानदाराच्या हातून असं होऊ शकतं. पण पंचनाम्याला तू काय केलंस? चौदा माणसांची पावती म्हणजे तू होतास, दादा. तुझं तोंड ही त्यांची पावती होती. ते तू बंद केलंस.

बाबा गेले तेव्हा तू आजारी होतास, खांदा सहदेवदादाने दिला. मला त्याने इथून गावापर्यंत नेलं तेव्हा गाडीत दोन दिवस तो बसून झोपला आणि बाक मला दिला. तो माणूस आज दुसऱ्याच्या वावरात सालगडी आहे आणि तू मला विचारतोस की चक्की लोखंडाची बरी की लाकडाची.

मी चक्की घेतलेली नाही. बुलढाण्याला जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात जा आणि लिहून दे की चौदाही जणांना बियाणं तूच दिलंस. नावानिशी, एकरानिशी. दुकानाचा परवाना जाईल, हे मला कळतं. जाऊ दे.

संजीवनी


दुसरबीड
दि. २६ एप्रिल २००६

चि. संजीवनीस आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी खूप राग आला. लांब बसून बोलणं सोपं आहे, असं मी दोन पानं लिहिलं. पावसानं, अळीनं, सरकारनं, कंपनीनं कसं केलं, तेही लिहिलं. मग ती पानं चुलीत घातली. तुझी वहिनी पाहत होती.

आता जे लिहितो ते तिलेही माहीत नाही.

त्या जूनमध्ये खरं बियाणं कमी पडून राह्यलं होतं. दारात लोकांची रांग. एक माणूस जीपमधून पाकिटं घेऊन आला. लेबल नाही, बिल नाही. बियाणं तेच आहे, पाकीट तेवढं वेगळं, असं म्हणाला. मी अर्धं खरं मानलं आणि अर्धं मानून घेतलं. दुकानात मग दोन्ही माल होता. खरी पाकिटं फळीवर, ती पाकिटं खाली खोक्यात. परगावचा माणूस पावती मागायचा. त्याले बिनबिलाचा माल देता येत नव्हता, म्हणून त्याले फळीवरचं दिलं. आपला माणूस पावती मागत नव्हता. म्हणून आपल्या माणसाले खालचं दिलं. चौदाच्या चौदा आपले होते, संजू. असं मोजून केलं नाही, पण झालं ते असंच झालं.

सहदेव आला तेव्हा फळीवर खरी पाच पाकिटं शिल्लक होती. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "तू देशीन ते." मी खाली वाकलो.

तू म्हणते तसं लिहून द्यायले हात धजत नाही. परवान्याची भीती वाटते हे खरं आहे. त्याहून जास्त भीती ही वाटते, की हे लिहून दिल्यावर मले स्वतःले सांगायले काही उरणार नाही.

दादा


चिकमगळूर
दि. १० मे २००६

ती. दादास न. वि. वि. चक्की पार्सलने पाठवली आहे. पेटीची, लहान, पोलादी दात्यांची. दांडा डगमगत नाही, दहा वेळा फिरवून पाहिला. दुकानदाराने पुन्हा विचारलं, पिणारे किती, तेव्हा मी दोन सांगितलं.

कार्यालयात जाऊन आलास की कळव. त्याआधी लिहू नकोस.

संजीवनी


दुसरबीड
दि. ६ जून २००६

चि. सौ. संजीवनीस दादाचे आशीर्वाद. वि. वि. तुझ्या दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणून लिहितो.

चक्की चांगली आहे. स्क्रू दीड फेरा सैल केला की कापडातून गाळायले बरोबर पूड पडते. सगळी एकसारखी. तू लिहिलं होतं की पीठ आणि जाड एकत्र आलं की कडू होते. आता तसं होत नाही. आता जे कडू लागते ते कॉफीचंच आहे. तू लहान निवडली, ते बरोबर केलं.

२२ मेले बुलढाण्याले गेलो. चार पानं लिहून दिली. चौदा नावं, कोणाच्या किती एकरात ते बियाणं गेलं, आणि जीपवाल्यानं कुठून आलो म्हणून सांगितलं होतं ते. खोक्यात तीन पाकिटं लपवून ठेवलेली होती, तीही टेबलावर ठेवली. साहेब वयानं लहान होते. त्यांनी पूर्ण वाचलं आणि विचारलं, की पंचनाम्यात तर तुम्ही नाही म्हणाले होते. मी म्हणालो, तेव्हा खोटं बोललो. तेही त्यांनी लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. परवाना निलंबित झाला. दुकानाच्या दाराले सीलाची पट्टी लागली आहे. लोकांले भरपाई भेटेल काय, हे विचारलं तर साहेब म्हणाले, वावरात आता कापसाची पऱ्हाटीही उभी नाही, काय मोजायचं, पाहू. त्यांच्या 'पाहू'मध्ये मले काही दिसलं नाही.

ग्रामपंचायतीत मी तेच पत्र सर्वांसमोर वाचलं. कोणी शिवी दिली नाही. गुलाबराव सरपंचानं माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा. मी थोडा वेळ बसलो, मग उठून आलो.

काल सुलतानपूरले गेलो. कलाबाईनं पत्ता दिला नाही, तिकडे बसस्टँडवर विचारत गेलो. सहदेव वखर धरून होता. मले पाहून त्यानं धरलेलं तास बांधापर्यंत पूर्ण केलं, मग बैल सोडले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फळीवरच्या पाच पाकिटांचंही. तो ऐकत होता आणि बैलाच्या मानेवरचा फोड पाहत होता. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, सुभद्राबाईचे गुडघे कसे आहेत. मग मले गोठ्याजवळच्या त्याच्या खोलीत नेलं, भाकर आणि बेसन वाढलं. कांदा बुक्कीनं फोडून अर्धा माझ्या ताटात टाकला. मी जेवलो. मले वाटलं, झालं, सुटलो. असं मले खरंच वाटलं, संजू, तुझ्यापासून लपवत नाही.

मग तो मले फाट्यापर्यंत पोहोचवायले आला. रस्त्यात तुझी आणि लेकरांची खुशाली विचारली. फाट्यावर आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. तिथं तो बोलला. "रंगा, आता पुन्हा येऊ नोको. तू आला की मले वाटते काही झालंच नाही. आनि तू गेला की चार दिस हात चालत नाही. मले इथं काम कराचं हाय."

 तेवढ्यात बस दिसली. माझा हात वर गेला नाही. बस थांबवायले हात त्यानंच केला.

या वेळी लोभ ठेव असं लिहीत नाही. जमलं तर ठेव.

तुझा
रंगराव